पुण्याच्या अलीकडचं लंडन

माणिकरावांना अंतर विचारलं तर ते किलोमीटरमध्ये कधीच सांगायचे नाहीत. अंबाजोगाई किती लांब, तर थांबे धरून पाऊण तास. मारुतीचं देऊळ किती लांब, तर चार मिनिटं, आणि वाटेत कुणी बोलणारा भेटला तर नऊ. त्यांच्या भाच्याच्या लग्नात भटजी म्हणाले की मुहूर्ताला अजून थोडा वेळ आहे. थोडा म्हणजे किती, एवढंच माणिकरावांनी विचारलं, पण असं काही मनगट पुढे करून विचारलं की भटजींना घाम फुटला.

चौतीस वर्षं त्यांनी एसटीत काढली. आधी कंडक्टर आणि मग केजच्या स्टँडवर कंट्रोलर. गाड्यांची आवकजावक नोंदवायची, माईकवरून पुकारायचं, उशिराच्या गाड्या फळ्यावर खडूने लिहायच्या. मी इथल्या हायस्कुलात भूगोल शिकवायचो. आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत. त्यामुळे त्यांच्याकडचं खोकणं आमच्याकडे ऐकू यायचं आणि आमच्याकडचं भांडण त्यांच्याकडे. भांडणाची वेळसुद्धा त्यांच्याकडे नोंदलेली असणार, असं आमची मंडळी म्हणायची.

रोज सकाळी सातच्या बातम्यांना ते हातातलं चावीचं घड्याळ रेडिओशी जुळवायचे. आठवड्यात अर्धं मिनिट मागं पडलं तरी चेहरा असा व्हायचा की घरात कुणी आजारी आहे की काय वाटावं. निवृत्त झाल्यावर त्यांनी प्लायवूडचा एक तुकडा काळ्या रंगाने रंगवून ओसरीत टांगला. त्यावर नळाला पाणी कधी आलं, लाईट कधी गेली, दूधवाला किती उशिरा आला, सगळं खडूने लिहिलेलं असायचं. दूधवाल्याने त्या फळ्याच्या धाकाने गल्लीतला रस्ताच बदलला होता.

त्यांचं एक ब्रीद होतं. "सुटल्याचा टायम सांगा, पोचल्याचा मी सांगतो." गाडी कुठून किती वाजता निघाली हे कळलं की रस्ता, घाट, बाजाराचा वार, ड्रायव्हर कोण, हे सगळं मनात धरून ते वेळ सांगायचे आणि गाडी त्या वेळेला फाटकातून आत वळायची. पोचायची वेळ दुसऱ्या कुणाला विचारणं त्यांना कमीपणाचं वाटे.

आणि गाडी थांबवणं तर त्यांना माहीतच नव्हतं. वेळ झाली की ते फलाटावर यायचे, गाडीच्या पत्र्यावर तळहाताने दोन थापा मारायचे, आणि गाडी निघायची. तिसरी थाप नाही आणि दुसरीनंतर थांबणं नाही. एका पुढाऱ्याचा माणूस साहेबांसाठी दहा मिनिटं गाडी रोखा म्हणून आला, तेव्हा त्याच्या डोळ्यांदेखत त्यांनी पत्र्यावर थापा मारल्या. पण हे काहीच नाही. त्यांची एकुलती एक मुलगी मनीषा नर्सिंगच्या प्रवेशाला निघाली होती, त्या दिवशीची गोष्ट सांगतो. मायलेकी धावतपळत स्टँडवर पोचल्या तेव्हा गाडी फाटकाशी होती. माणिकरावांनी हात वर केला असता तर ड्रायव्हर थांबला असता. त्यांनी हात वर केला नाही. पोरीला एका जीपमध्ये कोंबलं, पुढच्या थांब्यावर गाडी गाठायला लावली, आणि परत येऊन नोंदवहीत गाडी वेळेवर सुटल्याचं लिहिलं.

गयाबाई वहिनींनी ही गोष्ट त्यांना जन्मभर ऐकवली. चहात साखर कमी पडल्याचं माणिकरावांनी म्हणायचा अवकाश, की आतून यायचंच, "पोरीसाठी एक मिन्ट थांबला न्हाई, आन् साखर मागतो." माणिकराव तो चहा तसाच प्यायचे.

मनीषा मात्र शिकली, नर्स झाली आणि सहा वर्षांपूर्वी लंडनच्या एका दवाखान्यात लागली. तिला पोचवायला मी, माणिकराव आणि वहिनी जीप करून मुंबईला गेलो होतो. विमानतळावर माणिकरावांनी दारावरच्या शिपायाला विचारलं, की लंडनची कुठल्या फलाटाला लागते. तो हसला नाही, ही त्याची भलमनसाई. मनीषा आत गेल्यावर आम्ही काचेबाहेर उभे राहिलो. तिच्या तिकिटाची एक प्रत माणिकरावांच्या हातात होती आणि ते वेळापत्रक वाचावं तसं ते वाचत होते. सुटणार दोन वाजता, पोचणार सात वाजता. त्यांच्या घड्याळात बरोबर दोन झाले तेव्हा त्यांनी शेजारच्या खांबावर दोन थापा मारल्या. मग वहिनींकडे वळून म्हणाले, "पाच तास. रडती कावून? पुण्याला जायला साडेसहा लागतात. लंडन पुण्याच्या अलीकडंच हाय."

वहिनींनी डोळे पुसले, आणि रडणं खरोखरच थांबलं.

आता भूगोलाच्या मास्तरला यातली चूक कळायला कितीसा वेळ लागणार? सात ही लंडनच्या घड्याळाची वेळ होती. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. म्हणजे प्रवास पाच तासांचा नाही, दहाच्या घरातला. दरवर्षी नववीच्या वर्गात मी हेच शिकवायचो, एक रेखांश म्हणजे चार मिनिटं. माणिकरावांनाही तिकडचं घड्याळ मागं आहे हे माहीत होतं. पुढे रोज संध्याकाळी फोनवर पोरीच्या मागे दुपारचं ऊन दिसायचं की. पण तिकिटाचं आणि त्या उन्हाचं त्यांच्या डोक्यात कधी जुळलंच नाही. एसटीच्या वेळापत्रकाला एकच घड्याळ असतं. ज्या डेपोची गाडी, त्या डेपोचं घड्याळ. तिकीट मुंबईचं, तर त्यावरच्या दोन्ही वेळा मुंबईच्याच, याबद्दल त्यांच्या मनात शंकेला जागाच नव्हती.

त्या रात्री मी बोललो नाही, कारण बाई नुकती रडायची थांबली होती. नंतर आठवड्याभराने माणिकराव माझ्याकडे आले आणि मुंबईपासून लंडन किती किलोमीटर भरतं ते विचारलं. मी शाळेतला पृथ्वीचा गोल घरी आणला, दोरा लावला, प्रमाणाने गुणलं आणि सात हजारांच्या वर दोनशे सांगितलं. त्यांनी पाचाने भागलं. "ताशी चौदाशे चाळीस," ते म्हणाले. "विमानच ते. धरायला हरकत न्हाई." मला हसू आलं. इतक्या वेगाने कुठलंच प्रवासी विमान जात नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "पाच तास म्हंजी काय, सर, न्ह्यारी करून निघाली तर सांजच्याला दारात. जवळच हाय की पोरगी." मी चहा घेतला आणि तोंड मिटलं.

त्यानंतर सहा वर्षं ते मिटलेलंच राहिलं. कधी वाटायचं, सांगावं. मग वाटायचं, कुणाचं काय बिघडतंय? मनीषा मध्ये एकदा येऊन गेली ती दुबईवरून, तिथे मोठा थांबा घेऊन. तो थांबा धरला की हिशेब लागेना, म्हणून माणिकरावांनी तो प्रवास हिशेबातच घेतला नाही. गल्लीतल्या बायका वहिनींना म्हणायच्या, एवढ्या लांब पोरगी धाडली, कसं करमतं? वहिनी त्यांना पुणं आणि लंडन समजावून सांगायच्या. पुण्याला दिलेल्या पोरींच्या आया त्यावर विषय बदलायच्या. मी ओसरीतून ऐकायचो आणि मला वाटायचं, आपण गप्प बसून एक चांगलं काम करतो आहोत. आज त्या वाटण्याची लाज वाटते.

गेल्या वर्षी वहिनींच्या पोटाचं दुखणं निघालं. लातूरला दवाखाना झाला, मग छत्रपती संभाजीनगरला. थंडीच्या दिवसांत डॉक्टरांनी माणिकरावांना बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या. ओसरीतला फळा आत गेला आणि वहिनींच्या खाटेसमोर लागला. गोळ्यांच्या वेळा, ताप, किती चमचे पेज गेली, सगळं त्यावर. मनीषा पुढच्या आठवड्यात यायची होती. पण त्याआधीच वहिनींनी पेज थांबवली, आणि डॉक्टर म्हणाले, उद्याचा दिवस जाईलच असं नाही. पोरीने मिळेल ते थेट मुंबईचं तिकीट काढलं. आपल्या घड्याळाने रात्री एकला तिचा फोन आला, की विमानात बसले, दीडला सुटतंय. पुढे काही बोलणार तोच माणिकराव म्हणाले, बस, तेवढं पुरे.

सकाळी मी गेलो तेव्हा ते दाढी करून, इस्तरीचा सदरा घालून बसले होते. फळा ओल्या फडक्याने स्वच्छ पुसलेला होता आणि त्यावर एकच आकडा होता. चार वाजता.

मला त्यांनी हिशेब सांगितला. दीडला सुटलं. पाच तास, साडेसहा. बाहेर पडायला एक तास. तिथून गाडीने साडेआठ तास. चारला दारात. वहिनींनी दोन दिवस डोळे उघडले नव्हते. हा आकडा सांगितल्यापासून त्या उघड्या डोळ्यांनी फळ्याकडे बघत पडल्या होत्या. मधूनच विचारायच्या, किती राहिलं? माणिकराव घड्याळ बघून सांगायचे. त्या मान हलवायच्या, जणू तेवढं जमेल असं म्हणत.

मी मनातल्या मनात हिशेब केला. येताना वारा पाठीशी असतो, तरी विमानाचे नऊ तास. आठ वाजतील. रात्रीचे आठ. चार तासांचा फरक, आणि त्या बाईकडे बघून माझी खात्री झाली की तिने आपल्यातलं उरलंसुरलं सगळं चारपर्यंत पुरेल असं वाटून ठेवलं आहे. मी माणिकरावांना ओसरीत बोलावलं. ते आले. मी नळाच्या पाण्याबद्दल काहीतरी बोललो. माझ्या हातून दुसरं काही झालं नाही.

साडेसहाला फोन आला नाही म्हणून ते अस्वस्थ नव्हते. मुंबईत उतरल्यावर पोरगी धावपळीत असेल म्हणाले. फोन आला अकराला दहा कमी असताना. आम्ही दोघं ओसरीतच होतो. मनीषाचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. "आण्णा, उतरले बरं. अर्धा तास लवकरच उतरलं. माय कशी हाय?"

माणिकरावांनी घड्याळाकडे पाहिलं. मग कानाला लावून पाहिलं. "हाय," एवढंच ते म्हणाले. ती धावत गाडीकडे निघाली होती, तिने फोन ठेवला. ते माझ्याकडे वळले.

"सर, माजं घड्याळ बरूबर हाय न्हवं?"

मी बरोबर आहे म्हणालो. मग सांगितलं. तिकिटावरचे सात हे लंडनचे सात होते. सहा वर्षांपूर्वीच्या तिकिटापासून सुरुवात करून, एका दमात, नववीच्या पोरांना सांगावं तसं. समजावून सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. एवढंसंच होतं ते.

"म्हंजी आठ," ते लगेच म्हणाले. हिशेबाला त्यांना तेव्हाही वेळ लागला नाही. मग म्हणाले, "तुमाला ठाऊक होतं."

हा प्रश्न नव्हता. मी मान हलवली. त्यांनी मला एक शिवी दिली असती तर मी आज जरा बरा झोपलो असतो. त्यांनी फक्त सदऱ्याची बटणं नीट केली आणि आत गेले.

मी दारात उभा राहिलो. त्यांनी फळ्याखालचा खडू उचलला. चौतीस वर्षांत गाडी उशिरा आहे हे कळल्यावर त्यांनी फळ्यावर लिहिलं नाही, असं एकदाही झालं नव्हतं. प्रवासी शिव्या देत, तरी लिहीत. माणसाला खोट्या वेळेवर बसवून ठेवण्याइतकं पाप नाही, असं ते म्हणायचे. फडकं हातात घेऊन ते फळ्यासमोर उभे होते आणि खाटेवरून बारीक आवाज आला, "किती राहिलं?"

"पाच तास," माणिकराव म्हणाले. त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि खडूही.

ती दुपार मी कशी सांगू? ते खाटेशी बसून होते, वहिनींचा हात हातात धरून. एक वाजला, दोन वाजले. त्या विचारत आणि हे खरं खरं सांगत, की दोन तास, की पाऊण तास. मध्ये एकदा मी त्यांना कधी न ऐकलेल्या आवाजात बोलताना ऐकलं. वहिनींच्या कानाशी वाकून ते म्हणत होते, "थोडं थांबशील का गं? गाडी जरा मागंपुढं झाली तर थांबशील?" वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. पोरीसाठी एक मिनिट न थांबलेल्या माणसाकडे. ओठ हलले, पण काय म्हणाल्या ते मला कळलं नाही.

पावणेचारला वहिनींचा श्वास बदलला. शेजारच्या बायका आत आल्या. वहिनींची नजर मात्र दारावरून हलत नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात चार झाले. फोनवरच्या नकाशात मनीषाची गाडी अजून नगरच्याही पलीकडे होती, मुंबईच्या बाजूला.

"आली?" वहिनींनी विचारलं.

माणिकराव उठले. दारापर्यंत आले. माझ्या खांद्यावरून त्यांनी मोकळ्या गल्लीकडे पाहिलं, आणि परत जाऊन बसले.

"आली," ते म्हणाले. "स्टँडात गाडी लागली बग. उतरतीय."

"वक्तावर आली?"

"लई वक्तावर."

वहिनींनी डोळे मिटले. चेहऱ्यावरचा ताण उतरत गेलेला मी पाहिला. त्यानंतर त्या वीसएक मिनिटं होत्या, पण वाट बघत नव्हत्या. शेवटचा श्वास गेला तेव्हा बायकांपैकी एकीने हंबरडा फोडला. माणिकरावांनी घड्याळ पाहिलं नाही. खाटेच्या लाकडी चौकटीवर त्यांनी तळहाताने दोन थापा मारल्या, हळू, आणि मग ते मोडून पडले.

मनीषा आठला तीन मिनिटं कमी असताना आली. गल्लीत गाडी वळली तेव्हाच तिला गर्दी दिसली असणार. ती धावत आली ती बापाला धडकली. "मी उशीर केला, आण्णा, मी उशीर केला," एवढंच तिचं चाललं होतं. माणिकरावांनी तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"तू लेट न्हाईस, पोरी. तुजी गाडी टायमावर हाय. टायम मी चुकीचा सांगितला." आणि मग म्हणाले, "जन्मात दोनदा चुकीचं पुकारलं. दोन्ही बारी तिलाच."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला काय कळलं आणि काय नाही, मी विचारलं नाही. दोन्ही बारी मी तिथेच होतो, हे मला तिला सांगायला हवं होतं. तेही राहून गेलं.

तेरावा झाल्यावर मनीषा माघारी गेली तेव्हा त्यांना सोबत लंडनला नेता आलं नाही, कागदपत्रं व्हायची होती. ती झाल्यावर दोन महिन्यांनी ती पुन्हा आली. तेवढ्या दिवसांत माणिकराव माझ्याशी बोलायचे, नाही असं नाही. पाणी आलं का, लाईट गेली का, सगळं. पण कुठलाही हिशेब सांगायचे नाहीत, आणि सकाळी सातला भिंतीपलीकडून रेडिओ ऐकू यायचा बंद झाला. फळा आत तसाच होता. त्यावर चार होते.

निघाले त्या सकाळी गाडी दारात उभी होती. सामान चढलं. घराची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली आणि मागच्या सीटवर खिडकीशी बसले. गल्लीतले लोक भेटून गेले. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, पण पुढे घेईना, कारण माणिकरावांनी काच खाली करायला लावली होती आणि ते माझ्याकडे बघत होते.

"किती तास, सर?" त्यांनी विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा ते पोचायची वेळ दुसऱ्याला विचारत होते. मी खरं सांगितलं. दहा तास, थोडे कमी. उतराल तेव्हा तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असेल.

शेजारी बसलेल्या मनीषाच्या गुडघ्यावर त्यांनी हात ठेवला.

"लई लांब हाय की," ते म्हणाले. "तिला बरं झालं, कळलं न्हाई."

मग ते समोर बघत राहिले. गाडी अजून उभीच होती. ते कशाची वाट बघत आहेत हे मला उशिराच कळलं. मी पुढे झालो, आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या.